पाला मोडून घेऊ नका

परवा सकाळी मंडईत मुळ्याच्या ढिगासमोर उभी होते. पांढरेशुभ्र मुळे, अजून ओल्या मातीचा वास असलेले, आणि त्यांच्यावर हातभर हिरवागार पाला. गिऱ्हाईक आलं की भाजीवाल्या मावशी जुडी उचलायच्या, विचारायच्या, "पाला मोडून देऊ?" आणि उत्तर यायच्या आत कडकन पाला मोडून मागच्या पोत्यात टाकायच्या. माझ्यासमोर सहाजण येऊन गेले. सहाही जणांनी नुसते मुळे नेले.

"मावशी, एवढा पाला वाया?"

"कुणी नेतच नाही ताई. पिशवीत मावत नाही म्हणतात. दुपारी गोठ्यावाला येतो, त्याला देऊन टाकते."

त्या सहाजणांतली एक माझ्या चांगल्या ओळखीची. तिच्या फ्रिजवर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांची बाटली असते, महिन्याला हजारभर रुपयांची. ज्यासाठी ती बाटली आणते, त्यातलं बरंचसं त्या सकाळी ती पोत्यात सोडून गेली. हे बघून घरी गप्प बसवेना, म्हणून हे कळकळीचं आवाहन.

ते आजच करते आहे, कारण दिवस थोडे आहेत. मुळा, बीट, नवलकोल, फ्लॉवर या सगळ्यांचा पाला थंडीत कोवळा असतो. शिवरात्र उलटून ऊन चढलं की तोच पाला जून होतो, उग्र लागतो, मग कितीही शिजवा, घरातलं कुणी खात नाही.

पाल्यात असं काय आहे? मुलाच्या डब्यात सफरचंदाच्या फोडी दिल्या की मधल्या सुट्टीपर्यंत त्या तपकिरी होतात. लिंबू चोळून दिल्या की बराच वेळ पांढऱ्या राहतात. हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी क्रिया लिंबातलं क जीवनसत्त्व रोखून धरतं. शरीरातही ऑक्सिजन वापरताना काही उपद्रवी रेणू तयार होतातच. धूर, विडी-सिगारेट, प्रदूषण यांनी ते वाढतात आणि पेशींची झीज करतात. त्यांना आवर घालणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. वनस्पती ते मुळात स्वतःच्या बचावासाठी बनवतात, त्यामुळे जिथे ऊन लागतं तिथे, म्हणजे पानात आणि सालीत, त्यांचा साठा जास्त. मुळ्याचा कंद पांढरा असतो, त्यात बीटा कॅरोटीन जवळजवळ नसतंच. पाल्यात ते भरपूर, आणि क जीवनसत्त्वही कंदापेक्षा बरंच जास्त. बीट तर पालकाच्याच कुळातलं, त्याचा पाला पालकासारखाच शिजतो. कांद्यातलं क्वेर्सेटिन बाहेरच्या पाकळ्यांत एकवटलेलं असतं, आणि आपण घाईघाईत सालीबरोबर त्याच दोन पाकळ्या ओरबाडून काढतो. वाळकं साल तेवढं काढा, रसदार पाकळी ठेवा.

आता गोळ्यांबद्दल. कुणी "नैसर्गिक आहे, अपाय नाही" म्हणत असेल तर फिनलंडची गोष्ट सांगा. तिथे सिगारेट ओढणाऱ्या 29 हजारांहून अधिक पुरुषांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनची गोळी दिली, आशा अशी की फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल. 1994 साली निष्कर्ष आले: ही गोळी घेणाऱ्यांत तो कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली अशीच एक चाचणी 1996 साली मुदतीआधी थांबवावी लागली, कारण तिथेही गोळी घेणाऱ्यांचं नुकसानच दिसलं. ताटातल्या भाजीत बीटा कॅरोटीन एकटं येत नाही. सोबत चोथा असतो, क जीवनसत्त्व असतं, आणखी कितीतरी द्रव्यं असतात आणि सगळं माफक असतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी जरूर घ्या. जाहिरात बघून आणलेल्या बाटलीवर मात्र विसंबू नका. आणि पाला खाल्ल्यानं अमुक रोग बरा होतो असं कुणी सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नका. ही रोजच्या तब्येतीची गोष्ट आहे, औषधाची नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली आहाराविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितली आहेत. आपल्या ताटातल्या डाव्या-उजव्या बाजूची भाजी एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा. इतकी भाजी रोज कशी परवडायची, हा प्रश्न खरा आहे, आणि म्हणूनच पैसे मोजून घेतलेल्या जुडीचा अर्धा भाग फेकून देणं मला बघवत नाही.

करायचं काय, ते आपल्या आज्यांना ठाऊक होतं. मुळ्याचा पाला बारीक चिरा, मोहरी, हिंग, हळद, लसणाच्या फोडणीवर टाका, मऊ झाला की बेसन पेरा आणि झाकण ठेवून एक वाफ आणा. कोवळी पानं असतील तर मराठवाड्यासारखा घोळाणा करा: पानं, कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ, वरून कच्चं तेल. तेलाला घाबरू नका, बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल लागतंच. फ्लॉवरची कोवळी पानं आणि देठ आमटीत जातात. नवलकोलाचा पाला डाळ घालून शिजवा. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.

धुणं मात्र मनापासून हवं, वाहत्या पाण्याखाली, पान न पान. रुळांकाठी सांडपाण्यावर वाढलेली भाजी असेल तर पालाच काय, जुडीसुद्धा घेऊ नका. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी बीटचा पाला आणि पालक डॉक्टरांना विचारून खावा. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू नका, त्यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या आड येतं.

खाणावळ आणि मेस चालवणाऱ्यांनाही हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे रोज पोतंभर फ्लॉवर येतो. आठवड्यातून दोन दिवस पाला आमटीत घाला, तुमच्याकडे जेवणाऱ्या पोरांना तेवढाच हिरवा घास मिळेल. आणि भाजीवाल्या मावश्यांनो, दादांनो, गिऱ्हाइकानं सांगेपर्यंत पाला मोडू नका. ओल्या गोणपाटाखाली ठेवलात तर तो दुपारपर्यंत टवटवीत राहतो.

आमच्या मंडईत मावशी सकाळी साडेसहाला जुड्या लावतात. नऊच्या सुमाराला पोतं निम्मं भरलेलं असतं. त्याच्या आत पोचा, आणि जाताना मोठी पिशवी न्या.