रांग आणि रिंगण

बालगृहातील मूल दिवसभर समूहातच असते. अंघोळीची रांग, प्रार्थनेची रांग, ताटाची रांग, शाळेला निघताना दोघादोघांची रांग आणि रात्री एका खोलीत ओळीने घातलेल्या गाद्या. एकांत म्हणावा असा कोपरा क्वचितच वाट्याला येतो. तरीही घर सुटल्याचे दुःख, आईवरचा राग, धाकट्या भावाची काळजी आणि ‘मला इथे का ठेवले’ हा प्रश्न यांच्याशी ते बहुधा एकटेच झुंजत असते. शेजारच्या गादीवरच्या मुलालाही हाच प्रश्न छळतो, पण त्याचा पत्ता दोघांनाही नसतो. अशा आठ-दहा मुलांना आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच ताईसोबत किंवा दादासोबत गोल करून बसवायचे आणि त्या प्रश्नाला वाट करून द्यायची, हे गटातून दिल्या जाणाऱ्या भावनिक आधाराचे साधे रूप. बालगृहाचे समुपदेशन म्हटले की मात्र अजूनही टेबलाच्या अलीकडे फाइल आणि पलीकडे मूल हेच चित्र डोळ्यांसमोर येते. गटकार्य होते ते सुटीच्या दिवशीचा कार्यक्रम म्हणून.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१६-१७ मध्ये केलेल्या पाहणीत देशभरात ९,५८९ बालसंगोपन संस्था आढळल्या. त्यांत काळजी व संरक्षणाची गरज असलेली सुमारे ३ लाख ७० हजार मुले होती. बोलीभाषेत या संस्थांना सरसकट ‘अनाथाश्रम’ म्हटले जाते, पण हा शब्द दिशाभूल करतो. तिथल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. कुणाची आई धुण्याभांड्याची कामे करून मूल सांभाळू शकत नाही, कुणाचे वडील तुरुंगात, कुणी ऊसतोडीच्या स्थलांतरात मागे राहिलेले, कुणी रेल्वे स्थानकावर सापडलेले. अनाथ मुलाने मायबाप गमावलेले असतात; या मुलांचे मायबाप आहेत, पण जवळ नाहीत. मृत्यूनंतर निदान सुतक असते, दहावा-तेरावा असतो, माणसे भेटायला येतात. जिवंत आईपासून तुटलेल्या मुलाच्या दुःखाला असा कोणताच विधी नाही. त्यामुळे ते दुःख अंथरूण ओले करण्यात, मारामारीत, अभ्यासात लक्ष न लागण्यात किंवा संस्थेतून पळून जाण्यात उतरते, आणि रजिस्टरमध्ये त्याची नोंद ‘वर्तनसमस्या’ अशी होते.

अशा मुलांना एकमेकांचा आधार किती खोलवर पोहोचतो, याचे सर्वांत विलक्षण उदाहरण युद्धोत्तर इंग्लंडमधले आहे. थेरेझिनच्या नाझी छळछावणीतून वाचलेली, साधारण तीन वर्षांची सहा ज्यू मुले १९४५ मध्ये ससेक्स परगण्यातील बुलडॉग्ज बँक या घरात आणली गेली. त्यांच्या आईवडिलांना नाझींनी मारले होते आणि मुलांनी एका माणसाचा सलग सहवास असा कधी अनुभवलाच नव्हता. ती मोठ्या माणसांना चावत, थुंकत, वस्तू फोडत. पण आपसांत मात्र ती कमालीची हळवी होती. एकाला सोडून दुसरे फिरायला जाईना, खाऊ आधी दुसऱ्याला मिळाला का याची प्रत्येकाला काळजी. अ‍ॅना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांनी १९५१ मध्ये या मुलांवर लिहिलेला निबंध बालमानसशास्त्रात आजही वाचला जातो. पालकांची जागा सोबती भरून काढतात, असे त्यातून सिद्ध होत नाही. त्या मुलांच्या अडचणी पुढेही होत्याच. पण मोठ्यांवरचा विश्वास उडालेले मूल पहिला विश्वास बरोबरीच्या मुलावर टाकू शकते, एवढे त्यातून ठामपणे दिसते. गटकार्य उभे राहते ते याच आधारावर.

गटात नेमके करायचे काय, याच्या अनेक रीती आहेत. आघातातून गेलेल्या मुलांसाठी अमेरिकेतील शाळांमध्ये रुळलेल्या एका पद्धतीत दहा गटसत्रे आणि जोडीला प्रत्येक मुलाशी एक ते तीन स्वतंत्र भेटी असतात. युद्धग्रस्त मुलांसाठी आखलेल्या दुसऱ्या एका कार्यक्रमात मुलांची पाच सत्रे आणि सांभाळणाऱ्यांची वेगळी सत्रे असतात. भारतीय बालगृहांना अधिक जवळची वाटावी अशी रीत आफ्रिकेतून आली आहे. एचआयव्हीने आईवडील हिरावलेल्या मुलांसोबत काम करताना झिम्बाब्वेच्या एन्काझेलो एन्क्यूब आणि ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड डेनबरो यांनी ‘जीवनवृक्ष’ विकसित केला. मूल कागदावर एक झाड काढते. मुळांत गाव, आजीची गाणी, घरची माणसे, जमिनीवर रोजचे जगणे, खोडात अंगचे गुण, फांद्यांवर आशा, पानांवर जिव्हाळ्याची माणसे, हयात असोत वा नसोत, फळे म्हणजे मिळालेल्या देणग्या. मग सगळ्यांची झाडे भिंतीवर शेजारी शेजारी लावली की जंगल तयार होते. वादळांची, म्हणजे सोसलेल्या संकटांची, गोष्ट त्यानंतर निघते, आधी नाही. ‘तुझ्यावर काय गुजरले ते सांग’ म्हणण्याआधी मुलाला उभे राहायला जागा दिली जाते, ही त्यातली खरी करामत.

भाषेचा प्रश्न यात कळीचा आहे. छापील तक्त्यावर ‘चिंता’, ‘नैराश्य’, ‘भीती’ असे शब्द आणि त्यांपुढे गोल चेहरे असतात. नऊ वर्षांचे मूल म्हणते, ‘करमत नाही’, ‘पोटात गोळा येतो’, ‘डोकं फिरतं’, ‘मन लागत नाही’. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने बालगृहांतील मुलांसाठी उपक्रम-पुस्तिका तयार केल्या आहेत. २०२० पासून केंद्र सरकारच्या पाठबळावर चाललेला तिथला ‘संवाद’ उपक्रम काळजीवाहकांना प्रशिक्षणही देतो. असे साहित्य महाराष्ट्रात वापरायचे तर नुसते भाषांतर पुरणार नाही. नंदुरबारच्या भिल्ल मुलाला, पारधी वस्तीतून आलेल्या मुलीला आणि मुंबईच्या फलाटावर सापडलेल्या हिंदीभाषक पोराला एकाच रिंगणात बसवताना ताईला निदान ‘करमत नाही’ला त्यांच्या-त्यांच्या बोलीत काय म्हणतात ते ठाऊक हवे.

कायद्याची अडचण येथे मुळीच नाही. १९२४ च्या मुंबई बालक कायद्याच्या काळातील ‘रिमांड होम’ हा शब्द लोकांच्या तोंडून अजून गेलेला नसला, तरी २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने संस्थेत द्यायच्या सेवांमध्ये समुपदेशन आणि मानसिक आरोग्याचा स्पष्ट समावेश केला आहे. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक संगोपन आराखडा बंधनकारक आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत शंभर मुलांच्या संस्थेसाठी दोन समुपदेशक धरले आहेत. याच नियमांनुसार ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ या वयोगटांच्या बाल समित्याही स्थापायच्या असतात. त्या बहुधा कागदावर असतात, आणि जिथे प्रत्यक्षात असतात तिथे स्वागतगीत म्हणण्याच्या कामी येतात. वाढदिवसाचा केक घेऊन आलेल्या पाहुण्यांसमोर टाळ्या वाजवणे हे मुलांचे भावनिक कार्य नव्हे, हे कोणत्याही अधीक्षकाला कळते. पण खाऊ देणाऱ्याला नाही म्हणणे अवघड जाते.

खरी उणीव सातत्याची आहे. समुपदेशक कंत्राटी, मानधन तुटपुंजे आणि तेही वेळेवर नाही. वर्षभरात दोन चेहरे बदलले तर नवल वाटत नाही. एखाद्या महाविद्यालयाचे विद्यार्थी येतात, एका दुपारी ‘भावना व्यक्त करा’ म्हणत मुलांना रडवतात, फोटो काढतात आणि परततात. माणूस येतो, जीव लावतो आणि निघून जातो, हे या मुलांनी आधीच पुरेसे सोसले आहे. असे एकदिवसीय शिबिर नसलेलेच बरे. किमान आठ ते बारा आठवडे तोच गट, तीच वेळ, तोच सूत्रधार मिळणार नसेल, तर बालकल्याण समितीने आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याने बाहेरच्या संस्थेला परवानगी देऊ नये.

गटाचे धोकेही असतात. केवळ आक्रमक किशोरांना एकत्र बसवले तर ते एकमेकांच्या बेशिस्तीला दाद देतात आणि वर्तन आणखी बिघडते, असे संशोधक टॉमस डिशियन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. म्हणजे ‘त्रासदायक’ मुले वेगळी काढून त्यांचाच गट करण्याचा सोपा मार्ग टाळायला हवा. दुसरा धोका गुपिताचा. इथे ऐकणारी मुले रात्री त्याच खोलीत झोपतात. सत्रात सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी चिडवण्याचे हत्यार होऊ शकते. म्हणून अत्याचारासारखा अनुभव गटात काढायचा नसतो, तो स्वतंत्र भेटीत. शिवाय २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. ‘इथले इथेच राहील’ असे वचन देणारी ताई पहिल्याच दिवशी खोटे बोललेली असते. काय गुप्त राहील आणि काय कळवावेच लागेल, हे मुलांना पहिल्याच सत्रात त्यांच्या शब्दांत सांगणे भाग आहे.

आणि काळजीवाहक? सत्र आठवड्यातून एक तास, उरलेला सगळा आठवडा मावशींचा. त्यांना बाहेर ठेवून गटकार्य चालवणे म्हणजे एका हाताने बांधून दुसऱ्याने सोडणे. लंडनच्या हॅम्पस्टेड येथील युद्धकालीन बालनिवासात अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी मुलांचे सहा छोटे ‘परिवार’ केले, प्रत्येकी चारेक मुले आणि एक सांभाळणारी. परिणाम पहिल्यांदा भयंकर दिसला: मत्सर, रडारड, आपल्या ‘आई’ला क्षणभरही न सोडण्याचा हट्ट. त्याच मुलांचे बोलणे आणि शी-शूच्या सवयी मात्र झपाट्याने सुधारल्या. बालगृहात गट सुरू झाल्यावरही पहिले काही आठवडे गोंगाट वाढतो, गप्प बसणारी मुले भांडू लागतात, आणि ‘ताई आल्यापासून पोरे बिघडली’ अशी तक्रार कार्यालयात येते. त्या तक्रारीसाठी अधीक्षक आणि मावशी यांची तयारी आधीच करून ठेवली नाही, तर कार्यक्रम नेमका रुजायला लागतो त्याच वेळी बंद पडतो.

शेवटची अडचण प्रशासकीय वाटते, पण मुलांच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी. बालगृहातील गट कधी स्थिर नसतो. बालकल्याण समितीचा आदेश येतो, कुणाला घरी सोपवले जाते, कुणाची दुसऱ्या जिल्ह्यात बदली होते, कुणी १८ पूर्ण करून अनुरक्षण गृहात जाते. आदेश सकाळी येतो, मूल दुपारी जाते आणि पुढच्या सत्रात एक जागा रिकामी असते. आदेशाच्या अंमलबजावणीत दोन दिवसांची मुभा ठेवून निरोपाचे एक सत्र घेणे, जाणाऱ्या मुलाचे जीवनवृक्षाचे चित्र त्याच्यासोबत देणे आणि मागे राहिलेल्यांना ते कुठे गेले हे खरे सांगणे, यासाठी नवा निधी लागत नाही. समितीच्या आदेशात एक ओळ वाढवावी लागते.