टेंभी नाक्याचा वारसा आणि आपले मत

20 मे 2024 रोजी ठाण्यात लोकसभेसाठी मतदान झाले. टेंभी नाक्यावरील आनंद आश्रमाचे दिवंगत आनंद दिघे यांचे दोन शिष्य, नरेश म्हस्के व राजन विचारे, दुभंगलेल्या शिवसेनेतून समोरासमोर होते. म्हस्के दोन लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. देशात भाजप 240 जागांवर थांबला. 272 चा आकडा मित्रपक्षांमुळे गाठला गेला. प्रागतिक मतदार या नात्याने मला देशाच्या निकालाने दिलासा दिला, ठाण्याच्या निकालाने नाही. परंतु अधिक चिंता वेगळीच: येथील जवळजवळ निम्म्या मतदारांनी मतदानच केले नाही. प्रिय बंधुभगिनींनो, वेगळे मत देणारा शेजारी आपला शत्रू नव्हे. घरी बसणारा मात्र आपला हक्क स्वतःच गमावतो.