फुरसत कुणाच्या वाट्याची? वडखळ नाक्यावरच्या कामगारांचा सवाल



२० मार्च असो की २५ डिसेंबर, मुंबईहून महाडला निघालेल्या आपल्या गाड्या पेण सोडून वडखळला येतात. याच नाक्यावरून एक रस्ता अलिबागला फुटतो. इथे चहा होतो, वडापाव होतो, घोषणा होतात आणि गाड्या पुढे चवदार तळ्याकडे जातात. पण तुम्हाला चहा देणारा, तुमचे कप विसळणारा, टेबलावर फडका मारणारा पोरगा महाडला कधी गेला आहे का? तो आपल्याच वस्तीतला असेल, कातकरी वाडीवरचा असेल, उत्तर प्रदेशातून आलेला असेल. त्याची सुट्टी कधी असते, हे आपण कधी विचारलं आहे का?

आज मला पगारापेक्षा वेळेबद्दल बोलायचं आहे.

हायवेवरच्या लहान हॉटेलात सात-आठ माणसं कामाला असतात. एक वस्ताद, त्याच्या हाताखाली एक-दोघं, वाढपी, पोऱ्या, मोरीवर भांडी घासणारी बाई. सकाळी शटर उघडतं ते रात्री उशिरा पडतं. दुपारची पडझोप वजा केली तरी बारा तास भरतात. पगार हातात, पावती नाही, नेमणुकीचा कागद नाही. सुट्टी घेतली तर तिला सुट्टी म्हणत नाहीत, खाडा म्हणतात, आणि खाड्याचे पैसे कापतात. शनिवार-रविवार अलिबागच्या पर्यटकांची गर्दी, मे महिन्यात सीझन, गणपतीत चाकरमानी. म्हणजे जगाला सुट्टी असते तेव्हा याची डबल ड्युटी.

या पोरांना आवडीनिवडी नाहीत असं समजू नका. कुणी शाळेत असताना कबड्डीचा चांगला चढाईपटू होता. कुणाला भीमगीतं तोंडपाठ आहेत. कुणी पोलीस भरतीचं पुस्तक पिशवीत घेऊन फिरतो. पण मैदानावर संध्याकाळी सराव असतो आणि संध्याकाळीच गिऱ्हाईक येतं. अभ्यासिका रात्री बंद होते आणि याची सुटका त्यानंतर होते. मग उरतो मोबाईल. झोप येईपर्यंत रील बघायचं. "आजची पिढी रीलमध्ये अडकली" असं व्याख्यानात सांगणाऱ्यांनी एकदा हा हिशेब मांडावा: बारा तास गुणिले सात दिवस, आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास.

या आकड्याशेजारी इतिहास ठेवून बघा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली कारखान्यातल्या कामगारांना पगारी रजेचा कायदा झाला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतली आठवड्याच्या कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. म्हणजे त्या दुरुस्तीच्या आधी गिरणी कामगाराला जी मर्यादा होती, तिच्याही तीस तास पुढे आज आपला वाढपी राबतो आहे.

बाबासाहेबांनी हे का केलं? १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गांधीवादावर टीका करताना त्यांनी फुरसतीचा मुद्दा मांडला आहे. माणूस आणि पशू यांत फरक आहे तो संस्कृतीचा. संस्कृतीला फुरसत लागते, आणि सगळं आयुष्य पोट भरण्याच्या कष्टात गेलं तर फुरसत मिळत नाही. म्हणून यंत्र आलं पाहिजे आणि त्याचा फायदा सर्वांना मिळाला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. वर्णव्यवस्थेने काय केलं? विचार करायला लागणारा वेळ एका वर्गाला जन्मसिद्ध दिला आणि दुसऱ्याच्या वाट्याला फक्त सेवा ठेवली. ज्ञानबंदी ग्रंथाला हात लावू न देता करता येते, तशी वाचायला वेळ न ठेवताही करता येते. हॉटेलात गल्ल्यावर कोण बसतं आणि मोरीवर कोण बसतं, हे बघा. जातीचा दाखला मागायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

आता कायदा बघू. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापना कायदा २०१७ चा. त्यात मुळात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, शिवाय आठवड्याची सुट्टी, आठ किरकोळ रजा आणि आठ सणांच्या पगारी सुट्ट्या आहेत. या आठपैकी चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. म्हणजे १४ एप्रिल ही सुट्टी कायद्याने मागता येते.

मग मेख कुठे आहे? २०१७ च्या मूळ कायद्यात हे सगळं दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतं. त्याखालच्यांनी फक्त धंदा सुरू केल्याची माहिती कळवायची होती. १९४८ च्या जुन्या कायद्यात अशी संख्येची अट नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीस करायला आणि दिवसाचे तास नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. ज्याला संरक्षणाची सर्वात जास्त गरज, त्यालाच कायद्याच्या दाराबाहेर उभं करायचं. ही गावकुसाबाहेरची नवी वस्ती आहे. किमान वेतन मात्र कामगार किती आहेत यावर अवलंबून नसतं, हे लक्षात ठेवा आणि सांगा.

"आम्ही लहान माणसं, बायपास झाला, धंदा बसला," असं मालक म्हणतात. त्यांची अडचण खरी असेल. पण सात कामगार आणि आठवड्याचे सात दिवस. रोज एकाला सुट्टी दिली तर शटर एक दिवसही बंद ठेवावं लागत नाही. १४ एप्रिलला एकाने सुट्टी घ्यावी, दिवाळीला त्याने दुसऱ्याची पाळी सांभाळावी. प्रश्न खर्चाचा थोडा आहे. जास्त आहे तो माणसाला माणूस समजण्याचा.

आणि आपल्या चळवळीचं काय? आपली शिबिरं रविवारी, बैठका संध्याकाळी सात वाजता. तिथे येतो तो शिक्षक, बँकेतला कर्मचारी, कॉलेजचा विद्यार्थी. हॉटेलातला, गॅरेजमधला, मेडिकल दुकानातला पोरगा कधी दिसतो? पदाधिकारी तेच ठरतात ज्यांना वेळ आहे. मग कामगारांचे प्रश्न जाहीरनाम्यात एका ओळीत येतात. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. आपण पहिल्यावर रोज पोस्ट टाकतो आणि दुसऱ्यापुढे चहा मागवतो.

या मातीत संघटनेचा धडा नवा नाही. वडखळहून अलिबागच्या रस्त्याला लागलं की पुढे पोयनाडच्या बाजूला चरी गाव आहे. १९३३ पासून सहा वर्षं तिथल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. नेतृत्व नारायण नागू पाटलांचं. बाबासाहेब त्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. आगरी, कुणबी, महार कुळांचा शत्रू एकच आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. आज नाक्यावर आगरी पोरगा, आपला पोरगा आणि परप्रांतीय एकाच पोटमाळ्यावर झोपतात. त्यांना एकत्र आणणं अवघड आहे, पण चरीइतकं अवघड नाही.

म्हणून तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी तीन कामं हातात घ्यावीत. एक, नाक्यावरच्या कामगारांची बैठक त्यांच्या वेळेला घ्या, रात्री अकराला घ्यावी लागली तरी घ्या. दोन, दर डिसेंबरात मालकांना भेटून आठवड्याची सुट्टी आणि पुढच्या वर्षाच्या चार सुट्ट्या कागदावर लिहून घ्या. कायदा लागू असो वा नसो, मागण्यावर बंदी नाही. तीन, विहारातली अभ्यासिका उशिरापर्यंत उघडी ठेवा आणि किल्ली त्या पोरांपैकीच एकाकडे द्या.

शिका हा पहिला आदेश आहे. तो पाळायला आधी दिवसातले दोन तास हातात लागतात. ते तास मिळवून देणं हे आपलं काम आहे.

जयभीम.