भुयारी गटाराची जोडणी आणि घरमालकाची थैली

आपल्या जुळ्या शहरांतील एखाद्या नव्या वसाहतीत मैलापाण्याची भुयारी वाहिनी येणार असे ठरले, की घरमालकांच्या बैठकीत पहिली चर्चा निघते ती आरोग्याची नव्हे, पैशाची. रस्त्याखालील मोठी वाहिनी सरकारी खर्चाने झाली तरी घरापासून तेथपर्यंतच्या जोडणीचा भार कोणी सोसावयाचा? 'घरपट्टी भरतोच आहोत, मग ही वेगळी पट्टी कशाची?' असे कित्येक व्यापारी बंधू विचारतात. प्रश्न अगदीच गैरवाजवी आहे असे नाही. तथापि माझे मत निराळे आहे. जोडणीचा पैसा घरमालकानेच द्यावा. मात्र तो एकरकमी मागू नये, आणि जोडणी घेणे न घेणे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडू नये.

आपणांस पाणी येते त्याचा विचार आपण पुष्कळ केला आहे. मलप्रभेचे पाणी आले. 2008 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने काही प्रभागांत चोवीस तास नळ सुरू झाले. आलेले पाणी गाळून पिण्याचा तर आपल्या घरांचा पिढ्यान् पिढ्यांचा नियम. परंतु वापरलेले पाणी जाते कोठे, याची चौकशी मोरीपाशीच संपते. नगररचनेच्या हिशेबात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात आणि त्यापैकी सुमारे 80 टक्के मैलापाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. पाच माणसांच्या कुटुंबाचे हे पाणी 540 लिटर होते. हुबळीच्या काळ्या जमिनीत शोषखड्डा ते कसे शोषणार? पावसाळ्यात ही माती फुगते, पाणी पिण्याचे थांबते, आणि टाकीतील घाण उघड्या गटारात व तेथून नाल्यात उतरते. ती टाकी उपसावयास जो माणूस आत उतरतो त्याचे काय होते, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचतोच. 2013 च्या कायद्याने हे काम माणसाकडून करवून घेण्यास बंदी घातली. 2023 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावणाऱ्याच्या वारसांस द्यावयाची रक्कम 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. जोडणीचा आकार महाग म्हणणाऱ्याने शोषखड्ड्याच्या खात्यावर हाही खर्च लिहून पाहावा.

घरमालकावर ही जबाबदारी टाकणे ही काही आजची कल्पना नव्हे. 1956 पर्यंत आपला जिल्हा ज्या मुंबई राज्यात होता, त्याच्या राजधानीसाठी 1888 साली केलेल्या कायद्यात घरापासून शंभर फुटांच्या आत नगरपालिकेचे गटार असेल तर मालकास जोडणी करून घेण्यास भाग पाडण्याची तरतूद आहे. मैला वाहून नेण्याचा खर्च भागविण्यासाठी त्याच कायद्यात 'हलालखोर कर' होता. नाव आज कानास खटकते, पण तत्त्व सरळ होते: घाण ज्याच्या घरची, खर्चात वाटाही त्याचा.

सक्तीचे कारण मात्र कायद्यापेक्षा पाण्याच्या चालीत आहे. भुसार दुकानात गिऱ्हाईक कमी आले तर माल पडून राहील, दुकान बिघडत नाही. गटाराचे तसे नाही. वाहिनीतून पाणी सेकंदास सुमारे 60 सेंटिमीटर वेगाने वाहिले तरच गाळ आपोआप पुढे जातो. गल्लीतील चाळीस घरांपैकी दहांनीच जोडणी घेतली, तर पाणी अपुरे पडते, मैला तळाशी बसतो, वाहिनी तुंबते. आणि मग पैसे भरलेल्या त्या दहांच्याच अंगणात ती उलटते. न भरणारा शेजारी नाकास रुमाल लावून 'मी म्हटलेच होते' असे म्हणावयास मोकळा!

कराचीच्या ओरंगी वस्तीत 1980 पासून अख्तर हमीद खान यांनी हे ओळखून काम केले. तेथे एकेका गल्लीतील वीस-तीस घरे एकत्र येत, आपसांत वर्गणी काढीत आणि गल्लीतील गटार स्वखर्चाने घालीत. लोक गरीब होते, तरी पैसा उभा राहिला. कारण शेजाऱ्यानेही भरले हे प्रत्येकास दिसत होते. याउलट दिल्ली सरकारने 2019 साली ठराविक मुदतीत जोडणी व रस्ता खोदाईचे आकार माफ केले. जोडण्या वाढविण्यास तो उपाय सोपा खराच. पण फुकट म्हणजे सर्वांच्या करातून, आणि ज्यांच्या गल्लीत अद्याप गटार पोहोचलेच नाही त्यांच्याही करातून. जुन्या हुबळीतील एका खोलीच्या मालकाने गोकुळ रस्त्यावरील बंगल्याची जोडणी का भरावी?

आता वसुलीविषयी. मार्केट यार्डात आपण सेस भरतो तो विक्रीच्या किमतीवर. कोणा एकाकडून यार्डातील रस्त्याचा सगळा खर्च एकदम मागत नाहीत, म्हणूनच तो बोचत नाही. जोडणीचा आकारही असाच भूखंडाच्या व बांधकामाच्या मापाने ठरवावा, दराचा तक्ता काम सुरू होण्यापूर्वी प्रभागात लावावा, आणि रक्कम पाच-सात वर्षांच्या हप्त्यांनी घरपट्टीबरोबर घ्यावी. ज्याचे एक-दोन खोल्यांचे घर त्यास सूट असावी. ज्याची गोदामे आहेत त्याने अधिक द्यावे, यात आपल्यापैकी बरेच येतात आणि मीही येतो. वाहिनीसाठी रस्ता खणलेला असतानाच घरोघरची जोडणीही करून घ्यावी. तोच रस्ता डांबरी करून पुन्हा प्रत्येक मालकाकडून फोडणावळ घेण्याची रीत कोणत्याही अडतीच्या दुकानात एक दिवस चालणार नाही.

राहिला भाडेकरूंचा प्रश्न. हा आकार भाड्यात चढवावा असे आपल्यातील काही जण आताच बोलू लागले आहेत. ते बरोबर नाही. भाडेकरू उद्या खोली सोडील. नळ मालकाच्या जमिनीत राहील आणि जागेची वाढलेली किंमतही त्याच्याच पदरात पडेल. भाडेकरूकडे दरसालच्या वापराची पट्टी मागावी, जोडणीची नव्हे.