जन्मानेच दुष्ट?

टॉल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले (१९५४-५५) ऑर्क म्हणजे सरसकट क्रूर दैत्य. नायकांनी कापून काढावेत म्हणूनच जणू जन्माला आलेले. पण मंडळी, त्याच कादंबरीत शाग्रत आणि गोरबाग हे दोन ऑर्क, युद्ध संपल्यावर साहेबलोकांपासून लांब कुठेतरी सटकायच्या गप्पा मारतात! कंटाळलेला शिपाईगडी दुसरं काय बोलतो? पुढे टेरी प्रॅचेटने 'अनसीन अकॅडेमिकल्स'मध्ये (२००९) नट नावाचा ऑर्क रंगवला. वाचनवेडा, अतिशय नम्र, आपण कुणाच्या उपयोगी पडतोय ना, याच काळजीत सदा असलेला.

मला प्रॅचेट जास्त पटतो. 'ही जातच तसली' हा शेरा शिक्षकाने कुणाच्याच प्रगतिपुस्तकात लिहू नये. गोष्टीतल्या राक्षसाच्याही नाही. तुम्हाला काय वाटतं?