बांधावरचं गवत, पापण्यांवरची सूज

वळवाचा पाऊस झाला की नातेपुत्याच्या आसपास पेरलेल्या रानाआधी न पेरलेलं रान हिरवं होतं. पडीक तुकडे, ओढ्याकाठ, पालखी मार्गाच्या कडेचा मुरूम, सगळीकडे काँग्रेस गवत, म्हणजेच गाजर गवत. उगवल्यापासून महिन्याभरात ते फुलावर येतं आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं.

हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५च्या सुमारास पुण्यात ते नजरेत भरलं आणि बघता बघता देशभर पसरलं. त्यापाठोपाठ आली खाज. पुण्यातल्या अशा रुग्णांबद्दल लोणकर, मिचेल आणि कॅलनन या डॉक्टरांनी १९७४ साली लंडनच्या एका त्वचारोग नियतकालिकात लिहिलं.

गवतातल्या पार्थेनिन या द्रव्याशी वर्षानुवर्षं संबंध आला, की काहींचं शरीर त्याच्याशी कायमचं वैर धरतं. मग गवताला हात लावायचीही गरज उरत नाही. वाऱ्यावर उडणारा वाळका भुगा पुरतो. पापण्या सुजतात, मान काळवंडते, कोपराच्या आतली कातडी जाड होऊन चिरते. ‘ऊन बाधलं’ म्हणून माणूस टोपी घालतो. पण हनुवटीखाली, कानामागे, जिथे ऊन पोचतच नाही, तिथेही चट्टे असतात आणि त्वचारोगतज्ज्ञाला संशय येतो तो तिथेच. मग पाठीवर चिकटपट्ट्या लावून पॅच टेस्ट होते.

निदान झालं तरी शेतकरी रान सोडून जाणार कुठे? दुकानातून विचारून आणलेलं स्टेरॉईडचं मलम चार दिवस आराम देतं. महिनोन्‌महिने चोळलं तर कातडी पातळ पडते.

मेक्सिकोतून १९८३ साली बंगळूरला आणलेला झायगोग्रामा भुंगेरा या गवताची पानं खातो, पण तो पावसाळ्यापुरताच. टाकळा दाट वाढला तर गवताला दाबतो. बाकी भरवसा खुरप्यावरच. त्यातही हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात आणि ज्याला आधीच त्रास आहे त्याने त्या कामाला जाऊच नये.

जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने देशभर गाजर गवत जागृती सप्ताह होतो तो १६ ते २२ ऑगस्टला. वळवावर उगवलेल्या गवताचं बी तोवर मातीत पडलेलं असतं. नातेपुत्यात मात्र माउलींच्या पालखीसाठी त्याआधीच साफसफाई निघते. नगरपंचायतीने तेव्हाच मुक्कामाच्या जागेपलीकडचे बांध आणि ओढेही धरले, तर बरंचसं गवत फुलण्याआधीच उपटलं जाईल.