कल्पनेला परवाना कशाला?

समाजवादाच्या नावाने राज्य करणाऱ्या सत्तेला दौतभर शाईची भीती का वाटावी? सोव्हिएत संघ १९९१ साली लयाला गेला. हा प्रश्न मात्र समाजवाद्यांची पाठ सोडीत नाही.

एस्टोनियाच्या हिउमा बेटावर १९२४ साली जन्मलेला चित्रकार यूलो सूस्टर १९४९ मध्ये पकडला गेला. कारागांडाच्या श्रमछावणीतून १९५६ मध्ये सुटल्यावर तो मॉस्कोत राहू लागला. मासा, अंडे, ज्युनिपरचे झुडूप अशा साध्या आकारांतून त्याने शाईने एक अद्भुत सृष्टी रेखाटली. तीत विजयाच्या घोषणा नव्हत्या, तसा सरकारचा निषेधही नव्हता. तरीही ती संशयास्पद ठरली. १ डिसेंबर १९६२ रोजी मॉस्कोच्या मानेझ सभागृहात त्याच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या कृती पाहून ख्रुश्चेव्ह यांनी सर्वांसमक्ष त्यांचा पाणउतारा केला. त्या दिवशी त्यांच्याशी वाद घालणाऱ्या अर्न्स्ट नेइझ्वेस्तनी या शिल्पकारानेच पुढे ख्रुश्चेव्ह यांचे समाधिशिल्प घडविले. शत्रू कोण होता?

तेथील दडपणाचे यंत्र साधे होते. चित्रशाळा, साहित्य, कामे आणि प्रदर्शनाच्या भिंती यांचे वाटप सरकारमान्य संघटनांच्या हाती होते. भव्य पुतळ्याला धातू व जागा लागते. रेखाटनाला टाक आणि कागद पुरतो. म्हणून कल्पनेने रेखाटनाचा आश्रय घेतला. सूस्टर विज्ञानकथांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढून पोट भरीत असे. १९७० मध्ये तो वारला. १५ सप्टेंबर १९७४ रोजी अशाच बंडखोर चित्रकारांनी मॉस्कोच्या एका मोकळ्या मैदानात प्रदर्शन मांडले, तेव्हा ते बुलडोझर घालून उधळण्यात आले.

भुकेल्या कामगाराला मासा आणि अंडे यांच्या चित्रांचा काय उपयोग, असे कोणी विचारील. परंतु कामगाराच्या वतीने त्याची स्वप्ने ठरविण्याचा अधिकार कार्यालयाला कोणी दिला? भाकरीची हमी देऊन मनाची मालकी मागणे, हा समाजवाद नव्हे. बाजारही निर्दोष नाही. जे विकत नाही त्याला तोही भिंत नाकारतो.

यातून कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. साधने समाजाच्या मालकीची झाली, एवढ्याने भागत नाही. त्यांचे वाटप आशयाची झडती न घेता झाले पाहिजे. आपल्या सभागृहांच्या भिंतींवर न पटणाऱ्या, न उमगणाऱ्या चित्रालाही जागा असली पाहिजे. आज ती सवय लागली नाही, तर उद्या सत्ता हाती आल्यावर ती लागेल, ही आशा व्यर्थ आहे.